मेटरकास्टमधला अंबरखाना

मंडळी, हॉलंडमधल्या घराचं दार उघडून आत शिरलं की चपला काढायच्या जागेशेजारी एक अरुंद कपाट असतं. त्याला इथे 'मेटरकास्ट' म्हणतात, हे तुम्हाला सांगायला नकोच. वीज, गॅस, पाणी आणि आता फायबरची तार, सगळं घरात शिरतं ते इथूनच. आपल्याकडे घरात देवघराला जो मान, तोच इथे मेटरकास्टला, असं मी पाहुण्यांना गमतीने सांगत असे. २०२४ च्या दिवाळीत या कपाटाने आम्हाला असा काही धडा शिकवला की तेव्हापासून मी ती गंमत करायचं सोडून दिलं. त्या धड्याची ही हकीकत. विषय थोडा तांत्रिक आहे, पण घाबरू नका. ज्याला पोचपावती म्हणजे काय ते कळतं, त्याला हे सगळं कळेल.

गोष्ट सुरू झाली गणपतीत. महाप्रसादाच्या रांगेत एक ओळखीचा तरुण मागून हळूच म्हणाला, "काका, थोडं बोलायचं होतं." मुलगा मूळचा इचलकरंजीचा, इथे येऊन सहा वर्षं झालेली, बायको, सहा वर्षांची मुलगी. आमच्याच गल्लीच्या पलीकडे राहतो. त्याच्या कंपनीने माणसं कमी करायचं ठरवलं होतं आणि ३० सप्टेंबर हा त्याचा शेवटचा दिवस होता.

आपल्यापैकी बरेच जण ज्या 'केनिसमिग्रांट' परवान्यावर इथे येतात, त्याची गंमत अशी की नोकरी गेली की घड्याळ सुरू होतं. परवान्याची मुदत शिल्लक असली तरी २०२४ मध्ये नवी नोकरी शोधायला जास्तीत जास्त तीन महिने मिळत. शिवाय ती नोकरी आय.एन.डी.ने मान्यता दिलेल्या कंपनीतच हवी आणि पगारही ठरलेल्या रकमेच्या वर हवा. मुलगी नुकतीच 'ग्रूप ३' मध्ये गेली होती आणि रस्त्यावरच्या डच पाट्या मोठ्याने वाचत होती. आई-बापांच्या डोक्यावर मात्र डिसेंबरअखेरची तारीख टांगलेली.

"अरे, पण तुझ्या कामाला इथे मागणी आहे ना?" मी विचारलं.

"होती, काका. पण आता लोक वेगळंच विचारतात."

त्याचं काम व्हर्च्युअलायझेशनचं. म्हणजे काय, तर एका दणकट कॉम्प्युटरच्या पोटात अनेक खोटे कॉम्प्युटर चालवायचे. एका चाळीत बारा बिऱ्हाडं राहावीत तसं. प्रत्येक बिऱ्हाडाला वाटतं की आपलं घर स्वतंत्र आहे, पण पाया, भिंती आणि पाण्याची टाकी एकच. या धंद्यात वीस-एक वर्षं व्हीएमवेअर या अमेरिकन कंपनीचा दबदबा होता. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉम कंपनीने ती विकत घेतली. पाठोपाठ एकदाच पैसे भरून कायमचं लायसन्स घेण्याची पद्धत बंद झाली आणि वर्गणीची सुरू झाली. अनेक कंपन्यांचे हिशेब कोलमडले. रस्ते आणि कालवे सांभाळणाऱ्या इथल्या रिक्सवाटरस्टाट या सरकारी खात्याने तर पुढे कोर्टाची पायरी चढली. खातं दुसरी व्यवस्था उभी करेपर्यंत मदत चालू ठेवा, असा आदेश २०२५ मध्ये हेगच्या न्यायालयाने कंपनीला दिला.

तेव्हा २०२४ मध्ये मुलाखतीला जाईल तिथे प्रश्न ठरलेला: "व्हीएमवेअर येतं ते ठीक, पण त्यावरून दुसरीकडे नेता येतं का?" दुसरीकडे म्हणजे बहुतेक ठिकाणी लिनक्समध्ये २००७ पासून असलेलं केव्हीएम, किंवा त्याच्यावरच उभं असलेलं, व्हिएन्नाच्या कंपनीचं प्रॉक्समॉक्स. हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. पण पुस्तक वाचून पोहता येत नाही, तसंच हे. आपण स्वतः दोन-तीन यंत्रं जोडली, बिघडवली आणि परत उभी केली, असं सांगता आलं पाहिजे.

"मग घरी लॅब करू," मी म्हटलं. "फाईल ठेवायची व्यवस्था माझ्याकडे लागली."

एवढं धाडसाने म्हणायचं कारण म्हणजे १९९१ साली मी या देशात आलो तोच सन कंपनीच्या यंत्रांवर काम करायला. नेटवर्कवरून फाईल वाटणं हा माझा जुना धंदा. निवृत्त माणसाला कुणी जुना धंदा विचारला की त्याला मूठभर मांस चढतं, हे आमच्या सौ.ने लगेच ओळखलं.

यंत्रं जमवायला फार खर्च आला नाही. कचेऱ्यांतून निघालेले, टेबलावर वहीएवढी जागा घेणारे दोन जुने मिनी पीसी मार्क्टप्लाट्सवरून घेतले. प्रत्येकात १६ जीबी मेमरी. पाच भोकांचा एक गिगाबिटचा स्विच घेतला. आणि तिसरं यंत्र माझंच, चार टेराबाइटच्या दोन डिस्क असलेलं, मेटरकास्टमध्ये मोडेमच्या बाजूला कित्येक वर्षं गुरगुरत असलेलं. त्याच्यावर आमच्या घरचे फोटो आणि कागदपत्रं होती. आणखीही काहीतरी होतं, त्याविषयी पुढे सांगतो.

यंत्रांना नावं द्यायची वेळ आली तेव्हा मुलगा कोल्हापूर भागातला असल्याने दुसरा प्रश्नच नव्हता. वरच्या खोलीतले दोन मिनी पीसी म्हणजे 'पन्हाळा' आणि 'विशाळगड'. फाईलींचं कोठार म्हणजे 'अंबरखाना'. पन्हाळ्यावर जी प्रचंड धान्यकोठारं आहेत त्यांचं हे नाव. त्या कोठारांना गंगा, यमुना, सरस्वती म्हणतात. आमच्या दोन डिस्क गंगा आणि यमुना झाल्या. सरस्वतीला डिस्क नव्हती. "ती गुप्तच असते, काका," मुलगा म्हणाला आणि आम्ही दोघेही हसलो. ते हसणं पुढे महागात पडलं.

आता कोठार वेगळं कशाला, असं कुणीही विचारेल. खोट्या कॉम्प्युटरची डिस्क म्हणजे शेवटी एक मोठी फाईल असते. ती फाईल पन्हाळ्याच्याच पोटात ठेवली, तर पन्हाळा बंद पडला की तिच्यावरचं बिऱ्हाडही बंद. पण फाईल तिसऱ्या ठिकाणी, दोघांना दिसेल अशी ठेवली, तर चालू बिऱ्हाड एका यंत्रावरून दुसऱ्यावर नेता येतं. मेमरीत जे असेल तेवढंच तारेवरून पलीकडे जातं, डिस्क जागची हलत नाही. वापरणाऱ्याला पत्ताही लागत नाही. आमच्या पहिल्या खोट्या कॉम्प्युटरचं नाव अर्थातच 'महाराज' होतं. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात एका रात्री महाराज पन्हाळ्यावरून निघून विशाळगडावर सुखरूप पोचले तेव्हा आम्ही दोघे एवढ्याने ओरडलो की सौ. जिन्यात येऊन म्हणाली, "अहो, शेजारी डच आहेत, जरा हळू!"

हे फाईल वाटण्याचं तंत्र म्हणजे एन.एफ.एस., नेटवर्क फाईल सिस्टिम. १९८२ साली चार तरुणांनी सन मायक्रोसिस्टिम्स ही कंपनी काढली, त्यातले एक आपले विनोद खोसला. त्या कंपनीत १९८४ च्या सुमारास हे तंत्र तयार झालं आणि १९८५ पासून बाहेर पडलं. त्यातली मूळ कल्पना मला आजही आवडते. कोठाराने कुणाची आठवण ठेवायची नाही. कोण आलं, कोणती फाईल उघडली, कुठपर्यंत वाचली, ही नोंद मागणाऱ्याने स्वतःजवळ ठेवायची. दर वेळी तो पूर्ण पत्ता सांगून मागतो. त्यामुळे कोठार मध्येच बंद पडून परत सुरू झालं तरी बिघडत नाही. मागणारा दारात उभा राहून तेच तेच मागत राहतो आणि दार उघडलं की काम पुढे सुरू. १९९५ मध्ये आलेल्या तिसऱ्या आवृत्तीपर्यंत ही कल्पना टिकली. २००० सालापासूनच्या चौथ्या आवृत्तीत कोठाराला थोडी स्मरणशक्ती द्यावी लागली. आमच्या लॅबमध्ये आम्ही मुद्दाम तिसरी आवृत्ती वापरली, कारण ती समजायला सोपी.

आणि हे काही फक्त कॅलिफोर्नियाचं शास्त्र नव्हे. आपल्या अ‍ॅमस्टरडॅममध्येच व्रिये युनिव्हर्सिटीत प्रोफेसर अँड्र्यू टॅनेनबाउम यांच्या हाताखाली 'अमिबा' नावाची प्रणाली तयार झाली. अनेक कॉम्प्युटर मिळून एकच भासावेत, हा तिचा हेतू. तिच्यातल्या फाईल-कोठाराचं नाव होतं 'बुलेट'. त्याचा नियम असा की एकदा ठेवलेली फाईल बदलायची नाही. बदल हवा असेल तर नवी फाईल ठेवायची. अ‍ॅमस्टरडॅमच्याच सी.डब्ल्यू.आय. या गणित संस्थेत अमिबावर काम करत असताना गीदो फान रॉसम यांनी १९८९ च्या नाताळच्या सुट्टीत पायथन ही भाषा लिहायला घेतली. आज आपली नातवंडं शाळेत तीच शिकतात. टॅनेनबाउम यांनी १९८७ मध्ये विद्यार्थ्यांसाठी मिनिक्स लिहिलं, आणि त्यावर शिकलेल्या लिनस टोरवाल्ड्सने १९९१ मध्ये लिनक्स. आमचा अंबरखाना त्याच लिनक्सवर चालतो. म्हणजे मेटरकास्टमधलं हे भूत एका परीने इथलंच.

एक गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. एन.एफ.एस.चं कोठार चालवणारं एक सॉफ्टवेअर फ्रान्सच्या अणुऊर्जा संस्थेत तयार झालं, आणि त्याचं नाव चक्क 'गणेशा'. सौ.ला हे सांगितलं तर ती म्हणाली, "मग ते का नाही घेतलं? विघ्नं तरी टळली असती!" आमच्यासारख्या छोट्या लॅबला लिनक्समधलं साधं कोठार पुरतं, हे तिला काही पटलं नाही.

आता प्रत्यक्ष मांडणी. कुणाला घरी करायची असेल तर उपयोगी पडेल.

पहिलं म्हणजे पत्ते. तिन्ही यंत्रांना कायमचे पत्ते दिले आणि तिघांची घड्याळं जुळवली. घड्याळात फरक असला की फाईल कधी बदलली यावरून भांडणं सुरू होतात.

दुसरं, कुणाला आत घ्यायचं. एन.एफ.एस. साध्या रूपात पासवर्ड विचारत नाही, पत्ता बघून विश्वास ठेवतं. त्यामुळे कोठाराच्या यादीत फक्त पन्हाळा आणि विशाळगड या दोघांचेच पत्ते लिहायचे. 'घरातल्या सगळ्यांना' असं लिहिलं की मुलांच्या खेळाच्या यंत्रापासून टीव्हीपर्यंत सगळ्यांना कोठार खुलं. इंटरनेटकडून तर ते अजिबात दिसता कामा नये.

तिसरं, पाहुण्याचा मान. प्रत्येक लिनक्स यंत्राचा मालक असतो, त्याला 'रूट' म्हणतात. पण एका यंत्राचा मालक दुसऱ्याच्या कोठारात गेला की त्याला मुळात परक्यासारखंच वागवलं जातं. तुम्ही तुमच्या घरी मालक असाल, आमच्याकडे पाहुणेच. सुरक्षिततेसाठी ते योग्य आहे. पण प्रॉक्समॉक्सला तिथे मालकासारखं लिहावं लागतं, म्हणून लॅबच्या फोल्डरपुरती ही अट सैल करावी लागते. फक्त लॅबच्या फोल्डरपुरती, हे शब्द अधोरेखित समजा.

चौथं, चिकाटी. कोठार उत्तर देत नसेल तर मागणाऱ्याने काय करायचं? दोन पर्याय असतात. 'हार्ड' म्हणजे उत्तर मिळेपर्यंत वाट बघत राहायचं. 'सॉफ्ट' म्हणजे थोडा वेळ थांबून 'जमलं नाही' म्हणून परत फिरायचं. खोट्या कॉम्प्युटरांच्या डिस्क ठेवायच्या असतील तर नेहमी हार्ड. लिहिता लिहिता मध्येच परत फिरलं तर डिस्क अर्धवट राहते.

पाचवं, कोरम. हे मंडळाच्या कार्यकारिणीत काम केलेल्यांना लगेच समजेल. दोनच यंत्रं असतील आणि त्यांचं एकमेकांशी बोलणं तुटलं, तर प्रत्येकाला वाटतं दुसरा गेला, आता मीच अध्यक्ष. दोघांनी एकाच बिऱ्हाडाचा ताबा घेतला तर डिस्कचं वाटोळं. म्हणून बहुमत लागतं, आणि दोघांत बहुमत होत नाही. तिसरं मत आम्ही अंबरखान्याला दिलं. तो बिऱ्हाडं चालवत नाही, फक्त हात वर करतो. अशी माणसं आपल्या मंडळातही असतात, आणि त्यांच्यावाचून सभा होत नाही!

सहावं, म्हणजे पोचपावती. इथेच आम्ही घसरलो.

पन्हाळा जेव्हा कोठाराला सांगतो की हे लिहून ठेव आणि डिस्कवर पक्कं कर, तेव्हा कोठाराने 'झालं' कधी म्हणायचं? नियम असा की मजकूर खरोखर डिस्कवर गेल्यावरच. याला 'सिंक' म्हणतात. दुसरी पद्धत 'असिंक'. त्यात मजकूर नुसता मेमरीत आला की कोठार 'झालं' म्हणून मोकळं होतं आणि डिस्कवर मागाहून सवडीने उतरवतं. पोस्टातल्या कारकुनाने पत्र थैलीत टाकण्याआधीच पोचपावतीवर शिक्का मारून द्यावा, तसा प्रकार. रांग भराभर पुढे सरकते, सगळे खूष. थैली जळेपर्यंत.

ऑक्टोबरच्या अखेरीस मुलाची एक मुलाखत ठरली होती. त्यात त्याला घरची लॅब दाखवायची होती. फिरणाऱ्या डिस्कवर सिंक पद्धतीने काम फार हळू होई, छोट्या छोट्या नोंदी लिहायला तर जीव जाई. एका रात्री त्याने ती सेटिंग असिंक केली. वेग एकदम वाढला. त्याने मला दाखवलं आणि मी, तीस वर्षं या धंद्यात घालवलेला माणूस, "मुलाखतीपुरतं चालेल" म्हणालो. चूक त्याची म्हणून सांगणं सोपं आहे, पण परवानगी माझी होती.

दिवाळीच्या दोन दिवस आधी सौ.ने आणि त्याच्या बायकोने मिळून चकल्यांचा घाट घातला. विजेवरची जुनी तळणी बाहेर निघाली. तिच्यात कुठे ओल गेली होती कोण जाणे, तेल तापायला लागलं आणि खटकन आवाज झाला. मेटरकास्टमधला 'आर्डलेकस्खाकेलार' पडला. ३० मिलिअँपिअर वीज वाट चुकून जमिनीकडे जाऊ लागली की हा स्विच पडतो आणि माणसाचा जीव वाचवतो. त्याने त्याचं काम चोख केलं. पण त्याच्यावर स्वयंपाकघर होतं आणि मेटरकास्टमधला प्लगही होता. अंबरखाना बंद. वरच्या खोलीची वीज वेगळ्या स्विचवर, त्यामुळे पन्हाळा आणि विशाळगड चालूच.

पाच मिनिटांत तळणी काढून टाकली, स्विच वर केला, अंबरखाना पुन्हा गुरगुरू लागला. वर जाऊन बघितलं तर सगळं आपोआप सुरू झालेलं! हार्ड पद्धतीमुळे दोन्ही गड दारात वाट बघत उभे होते, दार उघडताच काम पुढे चालू. मी मुलाला मोठ्या ऐटीत सांगितलं, "बघ, ८४ सालचं डोकं!"

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. "काका, महाराज उठत नाहीत." रात्री त्याने ते बंद केले होते, सकाळी सुरू होईनात. दुसऱ्या एका बिऱ्हाडातला डेटाबेस म्हणत होता की माझ्या नोंदी गहाळ आहेत. हळूहळू डोक्यात प्रकाश पडला. वीज जायच्या आधीच्या काही सेकंदांत कोठाराने ज्या ज्या गोष्टींना 'झालं' म्हटलं होतं, त्या मेमरीत होत्या आणि मेमरीतच गेल्या. पन्हाळ्याकडे तर पोचपावती होती. मग तो पुन्हा कशाला पाठवेल? सिंक असतं तर ज्याची पावती मिळाली नाही ते त्याने स्वतःजवळ राखून ठेवलं असतं आणि कोठार परत आल्यावर पुन्हा पाठवलं असतं. तिसऱ्या आवृत्तीत ही सोय नेमकी याच प्रसंगासाठी केलेली आहे. आम्ही वेगासाठी तीच मोडून ठेवली होती.

लॅब गेली त्याचं दुःख होतं, पण लॅब परत करता येते. माझ्या छातीत धस्स झालं ते दुसऱ्याच कारणाने. मघाशी 'आणखीही काहीतरी' म्हटलं ते हे.

आम्ही नवीन इथे आलो तेव्हा भारतात फोन करणं फार महाग होतं. सांगलीहून आई-बाबा महिन्या-दोन महिन्यांनी एक कॅसेट भरून पाठवत. गल्लीतल्या बातम्या, पापडांचं प्रमाण, कोणाचं लग्न ठरलं, मध्येच कुकरची शिट्टी आणि "अहो, तुम्ही बोला ना आता" असं आईचं बाबांना सांगणं. अशा तेवीस कॅसेट. दोघंही आता नाहीत. काही वर्षांपूर्वी मी त्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतल्या, आणि मूळ फिती चिकटायला लागल्या होत्या म्हणून फेकून दिल्या. तो आवाज जगात एकाच ठिकाणी होता: गंगा आणि यमुना या दोन डिस्कवर, ज्यांच्यावर आम्ही आमची लॅब थाटली होती.

"पण काका, दोन डिस्क आहेत ना? एकीवर जे आहे तेच दुसरीवर," मुलगा म्हणाला.

दोन डिस्क म्हणजे आरसा. एक डिस्क मोडली तर दुसरी आहे, एवढाच त्याचा उपयोग. पण चुकीचं लिहिलं गेलं तर दोन्हींवर एकाच क्षणी चुकीचं लिहिलं जातं. आरशासमोर तोंड काळं केलं तर आरशातलं गोरं राहत नाही. चोरी, आग, पाणी किंवा माझ्याच हातून पुसलं जाणं, यातल्या कशालाही आरसा उपाय नाही.

त्या संध्याकाळी मी डिस्क तपासायला लावली. तास-दीड तास लागला असेल. मुलगा जिन्याच्या पायरीवर बसून राहिला, घरी जा म्हटलं तरी जाईना. सौ. दोनदा चहा ठेवून गेली, तो तसाच निवला. तपासणी संपली. मी पहिली फाईल उघडली आणि कुकरची शिट्टी ऐकू आली. त्या फाईलींवर कुणी काही लिहीत नव्हतं म्हणून त्या वाचल्या, आमच्या हुशारीमुळे नव्हे. सौ.ने डोळे पुसले आणि म्हणाली, "आता आधी याची दुसरी कॉपी करा, मग बाकीचं."

तेव्हा सरस्वती आणली. एक बाहेरची डिस्क, घरच्या सगळ्या फाईली तिच्यावर, आणि ती राहते पुण्याला बहिणीच्या कपाटात. दुसरी तशीच इथे ड्रॉवरमध्ये, महिन्यातून एकदा जोडायची आणि काढून ठेवायची. तारेला कायम जोडलेली नसते म्हणूनच ती सुरक्षित. शिवाय जुन्या प्रतींवर नवं लिहायचं नाही, प्रत्येक वेळी नवी प्रत ठेवायची. म्हणजे अ‍ॅमस्टरडॅमच्या त्या 'बुलेट' कोठाराचाच नियम. लॅबसाठी वेगळी, छोटी एस.एस.डी. घेतली. त्यामुळे सिंक पद्धतीतही वेग पुरेसा मिळू लागला. अंबरखाना मेटरकास्टमधून हलवून जिन्याखालच्या कपाटात नेला आणि त्याला यू.पी.एस. दिला. मेटरकास्टमध्ये, गॅसच्या मीटरशेजारी, गरम होणारं यंत्र ठेवूच नये. हे मला आधी कळायला हवं होतं.

विजेचंही सांगतो, कारण आपण मराठी माणसं तो हिशेब आधी करतो. तिन्ही यंत्रं मिळून साधारण ४० वॅट घेत. वर्षभर अखंड चालू ठेवली तर सुमारे ३५० युनिट. युनिटला २५ सेंट धरले तर ८७-८८ युरो. म्हणून लॅबची यंत्रं काम नसताना बंद, हा सौ.चा नियम.

मुलाखतीचं काय झालं? ती पहिली मुलाखत फसली. लॅब मोडलेलीच होती. पुढच्या तीन आठवड्यांत त्याने सगळं नव्याने उभं केलं, आणि या वेळी मुद्दाम मोडून बघितलं. चालू कोठाराची वायर काढायची, परत लावायची, मग प्रत्येक बिऱ्हाड बंद करून पुन्हा सुरू होतं का ते बघायचं. एका वहीत प्रत्येक वेळी काय झालं ते लिहीत गेला. दुसऱ्या ठिकाणीही नकार आला. तिसऱ्या ठिकाणी त्याला विचारलं, "तुमच्या हातून बिघडलेली एखादी गोष्ट सांगा." त्याने चकलीची गोष्ट सांगितली आणि वही पुढे ठेवली. चकलीमुळे नोकरी लागली असं मी म्हणणार नाही, काम त्याला येतच होतं. पण डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात एक वर्षाचा करार हातात पडला, कंपनी आय.एन.डी.च्या यादीतली, आणि घड्याळ थांबलं. मुलगी ग्रूप ३ मध्येच राहिली.

तर मंडळी, सांगायचं एवढंच. तुमच्या ओळखीत कुणावर असे तीन महिने आले असतील, तर त्याला धीर द्या, पण त्याबरोबर घरातला एक कोपरा आणि एक जुना कॉम्प्युटरही द्या. मोडायला परवानगी असलेली जागा ऑफिसात सहसा मिळत नाही. मात्र ती जागा आणि आई-बाबांचे आवाज एका डिस्कवर ठेवू नका. आणि कुणी फार झटपट 'झालं' म्हणालं, मग ते यंत्र असो की माणूस, तर खरंच झालं का, हे एकदा बघून घ्या.

यंदाच्या दिवाळीला चकल्या गॅसवर तळायच्या, असं आमच्या घरी एकमताने ठरलं आहे. कोरम पूर्ण होता.